न शिवलेली जागा

अमेरिकेत क्विल्टचे छापील नमुने विकत मिळतात. कापडाचा कोणता तुकडा किती इंचांचा कापायचा, शिवणीसाठी पाव इंच कसा सोडायचा, शिवण इस्त्रीनं कोणत्या बाजूला दाबायची, हे सगळं त्यात आकृत्यांसह दिलेलं असतं. पानंच्या पानं अशी काटेकोरपणे जातात. वरचं जोडकापड तयार झालं की त्याखाली भराव आणि त्याखाली अस्तर लावायला सांगतात, आणि मग शेवटची सूचना येते: आता आवडीप्रमाणे क्विल्ट करा. बस्स. हे तीन थर एकत्र धरणारा टाका कुठून कसा न्यायचा, त्यातून पानं उमटवायची की लाटा की नुसत्या सरळ रेघा, याबद्दल एक अक्षर नाही. जोडकाम मन लावून केलेल्या कितीतरी बायका नेमक्या याच ओळीपाशी अडतात. त्यांची जोडकापडं घडी घालून कपाटात जातात आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतात.

हा लेख त्या एका ओळीबद्दल आहे. मी घरच्या मशीनवर क्विल्ट करते, आणि या कामात सगळ्यात जास्त विचार मागणारा टप्पा हाच आहे असं माझं ठाम मत आहे. जोडकाम चुकलं तर उसवता येतं. रंग पटले नाहीत तर तुकडा बदलता येतो. पण क्विल्टिंगची नक्षी चुकली तर उत्तम जोडकामही मान टाकतं, आणि हजारो टाके उसवायचा धीर फार थोड्यांना असतो.

टाका करतो काय, इथून सुरुवात करू. सुई तीन थरांतून आरपार जाते तिथे भराव दाबला जातो आणि ती जागा खाली बसते. जिथे टाका नाही तिथे भराव वर येतो. उजेड बाजूनं आला की बसलेल्या जागेत सावली साचते आणि उठलेली जागा चमकते. म्हणून क्विल्टिंग रेघांचं काम वाटत असलं तरी डोळ्याला दिसतो तो उठाव. पिसांची माळ ही या कलेतली सर्वांत लाडकी नक्षी. तिच्यात पिसाची फक्त कड शिवलेली असते. पीस स्वतः मोकळं असतं, म्हणून फुगतं. त्याच्याभोवतीची जमीन अगदी जवळजवळच्या टाक्यांनी चेपली की तेच पीस आणखी वर येतं. नक्षी निवडताना आपण खरं तर कुठे शिवायचं नाही ते निवडत असतो. हे एकदा मनात बसलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

पूर्वी एवढं स्वातंत्र्यच नव्हतं. एकोणिसाव्या शतकातल्या क्विल्टमधला कापसाचा भराव सैल असायचा. तो जवळजवळच्या टाक्यांनी अडकवला नाही तर धुण्यात सरकायचा आणि त्याचे गोळे व्हायचे. आपल्याकडे ज्यांनी पिंजाऱ्याकडून गाद्या भरून घेतल्या आहेत त्यांना हे सांगायला नको. तेव्हा एक-दोन इंचांच्या आत पुन्हा टाका आलाच पाहिजे ही गरज होती, आणि त्या गरजेतूनच जाळीसारखी चौकट, समांतर तिरप्या रेघा, एकात एक कमानी अशा नक्ष्या रुळल्या. आज भराव सुयांनी ठोकून घट्ट केलेला मिळतो. वॉर्म अँड नॅचरल नावाचा सुती भराव तर टाक्यांमध्ये दहा इंचांपर्यंत अंतर चालतं असं सांगूनच विकला जातो. गरज सुटली, निवड आली. आणि निवड आली म्हणून अडचणही आली.

नक्षी काढून देणं हा एके काळी स्वतंत्र व्यवसाय होता. इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थंबरलंडमध्ये ॲलनहेड्स नावाचं, एके काळी खाणकामगारांचं असलेलं गाव आहे. तिथला दुकानदार जॉर्ज गार्डिनर क्विल्टच्या कापडावर नक्षी आखून द्यायचा. त्याच्या हाताखाली शिकलेली एलिझाबेथ सँडरसन पुढे त्याच्याहून प्रसिद्ध झाली. निळ्या पेन्सिलीनं आखलेली ही कापडं दूरदूरच्या बायका विकत घेत आणि घरी बसून त्या निळ्या रेघांवरून टाके घालत. पिसं, वेलांच्या गुंडाळ्या, गुलाब, आणि उरलेल्या जमिनीवर चौकड्यांची जाळी. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या मोठ्या चांदणीचा एक नमुना आजही सँडरसन यांच्या नावानं ओळखला जातो. या कामाचे फोटो निरखून पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. आखणारीच्या मनात पूर्ण पृष्ठभाग एकदम असायचा. मधलं मोठं वर्तुळ, कोपरे, कड आणि त्यांच्यामधली जमीन, यांचं वजन तिनं आधी तोललेलं असायचं. एखादी सुंदर नक्षी उचलून कुठेतरी बसवली असं तिथे दिसत नाही.

पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यातल्या आमिश बायकांनी याच शहाणपणाला कळस चढवला. त्यांच्या पंथाच्या साध्या राहणीमुळे छापील कापड वर्ज्य, म्हणून क्विल्ट गडद, एकरंगी, बहुधा लोकरी कापडाचे. मध्यभागी एक मोठा तिरपा चौकोन, भोवती रुंद किनार, झालं जोडकाम. एवढ्या मोठ्या, निव्वळ रंगाच्या जागा समोर आल्यावर त्यांनी टाक्यांना पूर्ण मोकळीक दिली. मध्ये पिसांचं कडं, त्यात चांदणी, किनारीवर वळत जाणारी पिसांची वेल, आतल्या अरुंद पट्टीवर द्राक्षांचे घड. जोडकामात अवघे मोजके तुकडे आणि टाक्यांत केवढी श्रीमंती! 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जुन्या अमेरिकी क्विल्टचं प्रदर्शन भरवलं आणि क्विल्ट चित्रांसारखे भिंतीवर गेले. त्यानं क्विल्टला मान मिळाला, हे फार मोलाचं झालं. पण भिंतीवर, समोरून पडणाऱ्या सपाट उजेडात, टाके जवळजवळ दिसेनासे होतात. क्विल्टची नक्षी पारखायची तर तो पलंगावर पसरावा आणि खिडकीच्या बाजूनं वाकून पाहावं.

आता मशीनकडे येऊ. शिवणयंत्र घरोघर पोचू लागलं त्याच काळात, म्हणजे 1860 च्या आसपास, काही बायकांनी मशीननं क्विल्टिंगही केलं होतं. मशीन महाग होतं आणि आपल्या घरी ते आहे हे टाक्यांतून दिसावं असंही त्यांना वाटत असे. पुढे मात्र वारं फिरलं. हातचा टाका तेवढा खरा, मशीनचा म्हणजे पळवाट, असा समज घट्ट झाला आणि तो बराच काळ टिकला.

तो समज ज्यांनी हलवला त्यांच्यात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो नेब्रास्कातला एक शेतकरी. डेव्हिड सिटी या गावचा अर्नेस्ट हाइट. त्यानं कृषी अभियांत्रिकीचं शिक्षण घेतलं होतं. बायकोच्या जोडकामातले कोपरे नीट जुळत नाहीत असं तो म्हणाला आणि त्यातून स्वतःच क्विल्ट करू लागला, अशी त्याची गोष्ट सांगितली जाते. 1930 च्या दशकात सुरू केलेलं हे काम त्यानं आयुष्यभर केलं आणि 1974 मध्ये घरच्या बायकांसाठी मशीन क्विल्टिंगवर एक छोटी पुस्तिका स्वतः छापली. त्यानं प्रश्न अभियंत्याच्या नजरेनं पाहिला. मशीनच्या टाक्याचा खरा शत्रू कोणता? सुरुवात आणि शेवट. प्रत्येक वेळी दोरा तोडायचा, गाठ मारायची, टोक आत लपवायचं. मग कमीत कमी वेळा थांबावं लागेल अशी वाट शोधायची. कर्णरेषेत निघालेली शिवण कडेला पोचली की वळवायची आणि पुन्हा कर्णात न्यायची. अशी एकच रेघ चौकोनांच्या कोपऱ्यांतून जात सगळा क्विल्ट बांधून टाकते. त्याचे टाके जोडकामाच्या चौकोनांतूनच वाट काढत असल्यामुळे ते वेगळे उठून दिसत नाहीत, आणि जोडकाम मात्र अधिक ठाशीव होतं.

हाताच्या नक्षीत आणि मशीनच्या नक्षीत हाच मूळ फरक आहे. हाताची सुई तीन थरांच्या आत सरकून दुसरीकडे निघू शकते. एक फूल इथे, दुसरं चार इंचांवर, मध्ये काही नाही, हे तिला सहज जमतं. मशीनला तसं उडता येत नाही. शिवाय हाताच्या धावदोऱ्यात टाका आणि मोकळी जागा आलटून पालटून येते, म्हणून रेघ मऊ दिसते. मशीनची रेघ अखंड आणि ठळक असते. जुन्या हातकामाच्या पुस्तकातली नक्षी जशीच्या तशी मशीनवर घेतली की ती अनेकदा कडक आणि तुटक वाटते, त्याचं कारण हे. मशीनसाठी नक्षी निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा: बोट न उचलता ही गिरवता येईल का? थोडं मागे येऊन त्याच रेघेवरून जावं लागलं तरी चालेल. पिसांच्या माळेत तसंच करतात. आधी देठ, मग एका बाजूची पिसं, मग दुसऱ्या बाजूची. पण ही वाट आधी कागदावर सापडली पाहिजे.

1987 मध्ये कोलोरॅडोच्या हॅरिएट हारग्रेव्ह यांचं वारसा क्विल्ट मशीनवर करण्याबद्दलचं पुस्तक आलं. वर जवळजवळ अदृश्य असा नायलॉनचा बारीक दोरा घालून जुन्या हातकामाचं रूप मशीनवर आणता येतं हे त्यांनी शिकवलं. दोनच वर्षांनी केंटकी राज्यातल्या पड्यूका गावच्या राष्ट्रीय स्पर्धेत कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या सूर्यग्रहणावरच्या क्विल्टला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. मशीननं क्विल्ट केलेल्या कामाला तिथे तो मान पहिल्यांदाच मिळत होता. हातकामवाल्यांमध्ये खळबळ माजली, नाराजीही झाली. तो क्विल्ट आज त्याच गावच्या राष्ट्रीय क्विल्ट संग्रहालयात आहे. हारग्रेव्ह यांच्या वाटेवर मशीनचा टाका हातासारखा दिसायला बघत होता. फॅलर्ट यांच्या कामात त्यानं ते सोडून दिलं आणि स्वतः रंगवलेल्या कापडांच्या छटांबरोबर तो मोकळेपणानं वाहू लागला. माझ्या मते मशीनचं खरं युग तिथून सुरू झालं.

त्याच दशकात मिसुरीतल्या केन गॅमिल यांच्यासारख्यांनी लांब हाताची मोठी क्विल्टिंग यंत्रं, म्हणजे लाँगआर्म, बाजारात आणली. घरच्या मशीनवर सुई जागेवर असते आणि क्विल्ट हलवावा लागतो. लाँगआर्मवर क्विल्ट चौकटीत ताणलेला असतो आणि यंत्र त्याच्यावरून फिरतं. नक्षीवर याचा थेट परिणाम होतो. घरच्या मशीनला वॉकिंग फूट, म्हणजे सगळे थर बरोबरीनं पुढे सरकवणारा दाबपट्टा, लावला की लांब सरळ रेघा छान येतात, पण एखादं मोठं गोल कडं काढायचं तर सगळा जाडजूड क्विल्ट मशीनच्या अरुंद जागेतून फिरवावा लागतो आणि खांदे भरून येतात. लाँगआर्मवर कमानी आणि वेल हाताच्या एका झोकात येतात, आणि साधी सरळ रेघ मात्र पट्टी धरल्याशिवाय सरळ येत नाही. म्हणून दुसरीनं केलेली नक्षी आवडली तर ती कोणत्या यंत्रावर केली होती हे आधी विचारून घ्यावं.

आता क्विल्टपाशी बसू. एक खरा नमुना घेऊ: डबल आयरिश चेन. याच्यात दोन प्रकारचे चौकोन आलटून पालटून येतात. एकात पाच बाय पाच लहान चौकटी. दुसरा जवळपास कोरा, फक्त त्याच्या चारही कोपऱ्यांत एकेक रंगीत चौकट. सगळे जोडले की रंगीत चौकटींच्या साखळ्या क्विल्टभर तिरप्या धावतात आणि मध्ये मोकळी पांढरी अंगणं राहतात. हा क्विल्ट मुळात क्विल्टिंगसाठीच जन्मला आहे असं म्हटलं तरी चालेल.

नवशिकी बाई इथे काय करते? प्रत्येक चौकटीत काहीतरी काढते. लहान रंगीत चौकटीत फूल, कोऱ्या अंगणात वेल, किनारीवर तिसरंच काही. सगळीकडे नक्षी होते आणि कुठेच नजर ठरत नाही. आता दुसऱ्या रीतीनं पाहू. साखळीचं काम धावणं आहे. तिच्यात फूल बसवलं की ती अडखळते. म्हणून साखळीच्या चौकटींतून कोपरा ते कोपरा नुसती तिरपी रेघ न्यायची. कोऱ्या अंगणात पिसांचं एक गोल कडं. सगळं जोडकाम सरळ कडांचं आहे, म्हणून ही एकच गोलाई सुखावते. आणि आता त्या कड्याबाहेरच्या जमिनीचं काय? साखळीतल्या तिरप्या रेघा तशाच पुढे वाढवायच्या, कड्यापर्यंत आणायच्या, थांबवायच्या, आणि पलीकडच्या बाजूला पुन्हा सुरू करायच्या. चौकड्यांची जाळी तयार होते आणि तिचं माप बाहेरून आणलेलं नसतं, जोडकामातल्याच चौकटींचं असतं. डोळ्याला असं वाटतं की साखळी पिसांच्या मागून गेली आहे. कडं वर तरंगतं. यात नक्ष्या फक्त दोन आहेत, एक सरळ आणि एक गोल, आणि दोघींना आपापली जागा आहे.

यातून मिळालेला धडा इतर क्विल्टवरही चालतो, पण उलटासुलटा करून. डबल वेडिंग रिंगमध्ये जोडकामच सगळं कमानींचं. तिथे आणखी गोलाई घातली की गोंधळ होतो, आणि मधल्या मोकळ्या जागेत सरळ जाळी घातली की कड्या उठून दिसतात. लॉग कॅबिनमध्ये पट्ट्या इतक्या अरुंद की प्रत्येकीत नक्षी शोधू नये. त्या क्विल्टचं नाट्य अर्धा चौकोन उजळ आणि अर्धा गडद यात असतं, तेव्हा टाक्यांनीही तो भेदच धरावा.

छापील कापडाबद्दल मला विशेष आग्रहानं सांगायचं आहे, कारण सर्वांत जास्त मेहनत इथे वाया जाते. फुलाफुलांच्या दाट छापील कापडावर काढलेली पिसं कोणालाच दिसत नाहीत. छापानं आधीच इतक्या सावल्या रंगवलेल्या असतात की टाक्याची खरी सावली त्यात हरवते. तिथे साधी, मऊ, सलग भरणारी नक्षी घ्यावी, दोरा कापडाच्या रंगात मिसळणारा घ्यावा आणि पुढे जावं. सगळा क्विल्टच असा दाट छापील असेल तर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारी एकच नक्षी पुरते. असा क्विल्ट लाँगआर्मवाल्याकडे दिला तरी काही बिघडत नाही. आपली पिसं, आपली कला, आपले तास एकरंगी जागेसाठी राखून ठेवावेत.

मापाचंही तेच. बारा इंचांच्या कोऱ्या चौकोनात सहा इंचांचं फूल पोरकं दिसतं. नक्षीनं आपली जागा भरली पाहिजे, फक्त शिवणीपासून जरासं अंतर राखून. शिवणीला ती टेकली की कोंडल्यासारखी वाटते. किनारीवर तर माप आधी कागदावरच करावं. किनारीच्या लांबीची कागदी पट्टी कापायची, समान घड्या घालायच्या, एका घडीत नक्षीचा एक वळसा बसवायचा. कोपरा आधी सोडवायचा, मग बाजू. बाजूपासून सुरुवात करून कोपऱ्यावर जे उरेल ते उरेल असं केलं की नेमका कोपराच फसतो, आणि क्विल्टकडे पाहणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

दाटपणा हा दिसायला गौण पण सर्वांत दगाबाज भाग. जिथे टाके दाट तिथे कापड आकसतं. मधला भाग अष्टमांश इंचांच्या रेघांनी भरला आणि किनार जवळपास मोकळी सोडली तर किनार पापडासारखी वळते, कितीही पाणी मारून ताणली तरी सरळ होत नाही. स्पर्धेतले परीक्षक दाटपणा सगळीकडे सारखा आहे का हे आवर्जून पाहतात. सारखा म्हणजे तीच नक्षी सर्वत्र असं नव्हे. मोकळ्या फुलांच्या आणि चेपलेल्या जमिनीच्या जागा क्विल्टभर समतोल विखुरलेल्या असाव्यात एवढंच. आणि क्विल्ट कोणासाठी आहे हेही विचारावं. बाळाला पांघरायचा क्विल्ट काडेपेटीतल्या काड्यांसारख्या जवळजवळच्या रेघांनी भरला की पुठ्ठ्याइतका ताठ होतो. तसा क्विल्ट भिंतीवर शोभतो. बाळाला मऊ हवा.

दोरा आणि भराव हे नक्षीचेच भाग आहेत. दोऱ्याचा क्रमांक जितका मोठा तितका दोरा बारीक. विस्कॉन्सिनच्या डायान गॉडिन्स्की यांनी साध्या घरगुती मशीनवर पड्यूकात मोठमोठी पारितोषिकं मिळवली. 100 क्रमांकाच्या रेशमी दोऱ्यानं त्या जमीन इतकी बारीक भरत की दोरा दिसू नये, फक्त पोत दिसावा. जाड 40 क्रमांकाच्या दोऱ्यानं तेच केलं तर जमीनच ओरडू लागेल. भरावात लोकर घेतली तर पिसं टुमटुमीत उठतात. सुती भराव पहिल्या धुण्यात थोडा आकसतो आणि सगळ्या क्विल्टवर जुनेपणाची सुरकुती आणतो. साधी समांतर रेघ त्या सुरकुतीत सुंदर दिसते. बारीक, नाजूक नक्षी मात्र तिच्यात हरवते.

निवड करायची एक साधी युक्ती बऱ्याच अनुभवी बायका वापरतात. जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा क्विल्टवर ठेवायचा आणि पुसता येणाऱ्या पेननं त्यावर नक्षी काढून पाहायची. प्लास्टिकच्या कडेला रंगीत चिकटपट्टी लावून घ्यायची, म्हणजे पेन चुकून बाहेर, कापडावर जात नाही. काढा, चार पावलं मागे जा, पुसा, दुसरी काढा. चांगली नक्षी मिळाली की आधी जोडकाम अधिक चांगलं दिसू लागतं, नक्षीकडे लक्ष नंतर जातं. माझी कसोटी तीच.

या सगळ्याला छेद देणारं एक उदाहरण आहे आणि ते टाळून पुढे जाणं प्रामाणिक होणार नाही. अलाबामातल्या गीज बेंड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या बायकांचे क्विल्ट 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडले गेले आणि जग थक्क झालं. जुन्या कामाच्या पँटी, खादीसारखी जाडीभरडी कापडं, मोठमोठे धीट तुकडे. त्यांतल्या पुष्कळांवर हातानं घातलेल्या मोठ्या कमानी एकात एक अशा चालत जातात. त्या जोडकामाकडे मुळीच पाहत नाहीत. शिवणी कुठे आहेत याची त्यांना पर्वा नाही. कोपर टेकवून हात जेवढा फिरतो तेवढी कमान. तरीही त्या शोभतात, का? कारण तुकडे जितके आडमुठे तितकी कमानीची लय शांत आणि एकसारखी. जोडकामाशी जुळवून घेण्याच्या अनेक रीतींपैकी ही एक, आणि सगळ्यात अवघड. अर्धवट जुळवणं आणि अर्धवट दुर्लक्ष करणं मात्र कुठेच खपत नाही.

ती लय आपल्या लोकांनाही ठाऊक आहे. सांगलीकडच्या एका गावात वाकळ शिवणाऱ्या मावशींच्या शेजारी मी बसले होते. जुनी लुगडी अंथरून, कडा टाचून त्यांनी धावदोरा सुरू केला तो बाहेरून. कडेला एक फेरा, त्याच्या आत दुसरा, असं मध्याकडे. मी विचारलं, "मावशी, मधून का नाही सुरू करत?" त्या म्हणाल्या, "ताई, आदी कड बांदायची. कड सुटली की सगळं कापड पळतंय बघा." मशीनवर नेमकं उलट शिकवतात. मध्यातून सुरू करा आणि ढिलं कापड बाहेर ढकलत न्या. दोन्ही खरं आहे. जमिनीवर अंथरून, हातानं सपाट करत जाणाऱ्या सुईला कड बांधून चालता येतं. मशीनचा दाबपट्टा कापड पुढे रेटतो, म्हणून त्या जास्तीच्या कापडाला बाहेर निघायला वाट ठेवावी लागते. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायका, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले आणि ज्यांतले पुष्कळजण गोव्यातून तिकडे गेले, त्यांची कवंदी नावाची गोधडीही अशीच कडेकडून मध्याकडे शिवतात. आपल्या वाकळीत आणि त्यांच्या कवंदीत नक्षी अशी वेगळी काढलेलीच नसते. फेऱ्यांची ती एकात एक चौकटच नक्षी होते आणि खालची ठिगळं कितीही निरनिराळी असोत, सगळ्यांना एका घरात आणते. मशीनवर वॉकिंग फूट लावून, मध्यातून बाहेर जाणारी तशीच चौकट शिवता येते. विटक्या साड्यांच्या तुकड्यांवर तिच्याइतकी शोभणारी दुसरी नक्षी मला तरी माहीत नाही.

साड्यांचा विषय निघाला आहे तर तिथेच थोडं थांबते, कारण पुण्या-मुंबईत आणि परदेशातल्या मराठी घरांत आईच्या, आजीच्या साड्यांचे क्विल्ट आता शिवले जातात आणि त्यांत हीच निवड फार जपून करावी लागते. इरकलीचं किंवा साध्या रेशमी नऊवारीचं अंग म्हणजे आमिश बायकांच्या एकरंगी लोकरीसारखी जागा. टाका तिथे बोलतो. गुळेदगुड्डच्या खणाचं कापड मात्र बारीक विणलेल्या बुट्ट्यांनी भरलेलं असतं. त्याच्यावर कोयरी काढायचा मोह होतो. कोयरी अमेरिकी लाँगआर्मवाल्यांचीही आवडती भरण-नक्षी आहे, ती मशीनवर झरझर जाते आणि आपल्याला आपलीशी वाटते. पण खणावर ती दिसणार नाही. खणाला विणीच्या दिशेनं जाणाऱ्या सरळ रेघा पुरेत, आणि कोयरी शेजारच्या साध्या अंगावर मोठी, मोकळी काढावी.

रेशमात सुईचं भोक बुजत नाही, म्हणून उसवायची वेळच येऊ देऊ नये. त्याच साडीच्या उरलेल्या तुकड्यावर, तोच भराव आणि तोच दोरा घेऊन आधी शिवून पाहावं. खाली हलकं चिकट अस्तर लावावं, सुई बारीक घ्यावी. जरीवर टाका शक्यतो घालू नये. जरीची तार तुटली की ती परत विणता येत नाही. काठ जरीचा असेल तर त्याच्या अगदी शेजारून, रेशमावरून रेघ न्यावी. काठ मोकळा राहतो, भरावानं किंचित उठतो, आणि साडी नेसल्यावर तो जसा अंगावर उठून दिसायचा तसाच इथेही दिसतो.

पैठणीच्या पदरापाशी सगळ्यात जास्त थांबावं लागतं. तो टाक्यांशिवाय पूर्ण सोडावा असं मनात येतं, पण पदर मोठा असतो आणि भरावाला कुठेतरी धरून ठेवावंच लागतं. अशा वेळी मोरांच्या ओळींमध्ये जी रिकामी रेशमी पट्टी असते तिच्यातून एकेक सरळ शिवण न्यावी, पदराच्याच रंगाच्या 100 क्रमांकाच्या रेशमी दोऱ्यानं. दोन शिवणींमधलं अंतर भरावाच्या मर्यादेत बसतं ना, ते मोजून घ्यावं. बसत असेल तर मोरांवर, आसावलीच्या वेलीवर, मुनियांवर आणखी काहीही काढू नये.